दोन अक्षरांची भाषा : जुना पेन प्लॉटर आणि नवा संगणक

१/२०
चाळीस वर्षांपूर्वीचे एक यंत्र आणि नुकताच विकत घेतलेला संगणक एका टेबलावर शेजारी ठेवले, तर त्या दोघांत समान असे जवळजवळ काहीच आढळत नाही. जोडणीचा पोर्ट वेगळा, विद्युतदाब वेगळा, वेग वेगळा. संगणकाला त्या यंत्राचे नावही ठाऊक नसते. तरीही योग्य तार जोडली आणि मोजकी अक्षरे पाठवली की ते यंत्र पेन उचलते, कागद पुढेमागे सरकवते आणि रेषा काढू लागते. पेन प्लॉटर हे ते यंत्र. त्याच्या काळातील बहुतेक संगणकीय उपकरणे भंगारात गेली. हे मात्र आजच्या संगणकाशी बोलू शकते. ते का, हा आजच्या धाग्याचा विषय. उत्तर थोडेसे यंत्राच्या मजबूत बांधणीत आहे आणि बरेचसे त्याच्यासोबत मिळणाऱ्या छापील पुस्तिकेत आहे.

२/२०
प्रथम प्लॉटर म्हणजे काय ते पाहू. आपल्या घरातील प्रिंटर कागदाकडे ठिपक्यांच्या ओळी म्हणून पाहतो. वर्तुळ छापायचे असले तरी त्याला वर्तुळ ठाऊक नसते. कोणत्या ओळीत कोणता ठिपका काळा करायचा, एवढेच त्याला कळते. प्लॉटरचे काम याच्या उलट चालते. त्याच्या हातात खरेखुरे पेन असते. पेन टेकव, अमुक बिंदूपर्यंत जा, पेन उचल, अशा आज्ञांचा तो प्रवास असतो. ड्रॉइंग बोर्डावर वाकून काम करणारा आरेखक जे करी, तेच तो करतो. म्हणूनच त्याच्या रेषेला कडेने पायऱ्या दिसत नाहीत, शाई कागदात मुरलेली दिसते आणि रेषेच्या टोकाशी पेन क्षणभर थांबल्याची खूणही कधी कधी उमटते. इमारतींचे नकाशे, यंत्रांची आरेखने आणि विद्युत मंडलांचे आराखडे काढण्यासाठी या यंत्राचा जन्म झाला.

३/२०
व्यापारी स्वरूपात गाजलेला आरंभीचा प्लॉटर म्हणजे कॅलिफोर्निया कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स, अर्थात कॅलकॉम्प या कंपनीचा १९५९ सालचा ५६५ क्रमांकाचा नमुना. त्यात कागद एका नळकांड्यावर गुंडाळलेला असे. नळकांडे फिरले की कागद पुढे किंवा मागे जाई आणि पेन आडवे सरके. या दोन हालचालींच्या मेळातून आकृती उमटे. आयबीएमने हेच यंत्र १६२७ या क्रमांकाने आपल्या संगणकांसोबत विकले. त्याचे एक पाऊल इंचाच्या शंभराव्या भागाएवढे होते आणि यंत्राला पावलांखेरीज दुसरे काही समजत नसे. दहा इंचांची सरळ रेषा हवी असेल, तर संगणकाने एकेक करून एक हजार पावले मोजून द्यायची. तिरकी रेषा असेल, तर कोणते पाऊल सरळ आणि कोणते तिरके टाकायचे हेही संगणकानेच ठरवायचे.

४/२०
जर्मनीत संगणकाचे आद्य शिल्पकार कोनराड त्सूझे यांच्या कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी ग्राफोमाट झेड ६४ नावाचा प्लॉटर बनवला. टेबलासारख्या सपाट पृष्ठावर कागद पसरायचा आणि वरून पेन फिरवायचे, अशी त्याची रचना होती. श्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यालयात हे यंत्र आले. परंतु तेथील ईआर ५६ या संगणकाकडून त्याला आज्ञा देणारी प्रणालीच अस्तित्वात नव्हती. १९६३ मध्ये ते काम फ्रीडर नाके नावाच्या तरुण गणिताभ्यासकाकडे सोपवण्यात आले. दोन यंत्रांमध्ये थेट तार नव्हती. संगणकाने कागदी पट्टीवर छिद्रे पाडायची आणि प्लॉटरने ती पट्टी वाचायची, असा व्यवहार होता. थोडक्यात, एका निर्मात्याचा प्लॉटर दुसऱ्या निर्मात्याच्या संगणकाशी कसा जुळवावा, हा प्रश्न आज जुन्या यंत्रांच्या हौसेतून उद्भवलेला नाही. तो प्लॉटरइतकाच जुना आहे.

५/२०
ती प्रणाली तपासण्यासाठी नाके यांना काहीतरी काढून पाहावे लागणार होते. त्या चाचण्यांतून चित्रे निर्माण होऊ लागली. याच सुमारास गेओर्ग नेस हेही ग्राफोमाटवर प्रयोग करीत होते. फेब्रुवारी १९६५ मध्ये श्टुटगार्टला नेस यांची संगणकनिर्मित रेखाटने प्रदर्शित झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नेस व नाके यांचे एकत्र प्रदर्शन भरले. संगणककलेच्या इतिहासात या दोन प्रदर्शनांना अग्रस्थान आहे. पुढे पॅरिसमध्ये व्हेरा मोल्नार १९६८ पासून संगणक आणि प्लॉटर यांच्या साहाय्याने काम करू लागल्या. १९७१ मध्ये मानफ्रेड मोर यांचे प्लॉटरने काढलेल्या चित्रांचे प्रदर्शन पॅरिसच्या आधुनिक कलेच्या महापालिका संग्रहालयात भरले. आरेखकाचे श्रम वाचवण्यासाठी घडवलेले यंत्र असे कलावंताच्या हाती आले. आज जुने प्लॉटर शोधणाऱ्यांत कलावंतांचाच भरणा मोठा आहे, त्याचे मूळ येथे आहे.

६/२०
आता मूळ अडचण नीट समजून घेऊ. पाच प्रकारचे संगणक आणि पाच प्रकारचे प्लॉटर असतील, तर त्यांच्या पंचवीस जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र प्रणाली लिहावी लागते. प्लॉटरला केवळ पावले कळत असल्यामुळे सगळे गणित संगणकाने करायचे आणि तेही त्या विशिष्ट यंत्राच्या पावलाचे माप लक्षात घेऊन. यंत्र बदलले की श्रम वाया. १९७० च्या दशकात सूक्ष्मप्रक्रियक, म्हणजे मायक्रोप्रोसेसर, स्वस्त झाला आणि चित्र पालटले. आता प्लॉटरच्या पोटातच एक लहानसा संगणक बसवता येऊ लागला. पावले मोजण्याचे काम त्याच्याकडे गेले. बाहेरच्या संगणकाने फक्त कोठून कोठे जायचे ते सांगायचे. पण ते कोणत्या शब्दांत सांगायचे? त्यासाठी एक भाषा हवी होती.

७/२०
अमेरिकेतील ह्यूलेट पॅकार्ड, म्हणजे एचपी, या कंपनीने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या प्लॉटरांसाठी अशी भाषा रूढ केली. तिचे नाव एचपी ग्राफिक्स लँग्वेज, संक्षेपाने एचपीजीएल. तिची प्रत्येक आज्ञा दोन रोमन अक्षरांची. आयएन म्हणजे आरंभस्थितीला ये. एसपी म्हणजे पेन निवड. पीयू म्हणजे पेन उचल, पीडी म्हणजे पेन टेकव. पीए म्हणजे पुढे दिलेल्या बिंदूवर जा. सीआय म्हणजे वर्तुळ काढ. या आज्ञा साध्या अक्षरांत आणि अंकांत लिहिल्या जात. माणसाला त्या वाचता येत, हाताने टंकता येत. मापाचे एकक होते ०.०२५ मिलिमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात चाळीस एकके. आणि हे सारे व्याकरण यंत्रासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत उदाहरणांसह छापलेले होते.

८/२०
एक उदाहरण पाहू. पुढील अक्षरे रोमन लिपीत टंकून पाठवली, की एचपीजीएल जाणणारा प्लॉटर दहा सेंटिमीटर बाजूचा चौरस काढतो:

आयएन; एसपी१; पीए१०००,१०००; पीडी; पीए५०००,१०००; पीए५०००,५०००; पीए१०००,५०००; पीए१०००,१०००; पीयू; एसपी०;

आरंभ कर, पहिले पेन घे, त्या बिंदूवर जा, पेन टेकव, चार कोपरे गाठ, पेन उचल, पेन जागेवर ठेव. १००० पासून ५००० पर्यंत ४००० एकके आणि चाळीस एककांचा एक मिलिमीटर, म्हणून बाजू शंभर मिलिमीटर. मधल्या मोकळ्या जागा सोडल्या, तर ही सगळी आज्ञावली ७७ अक्षरांची आहे. तिच्यात संगणकाच्या निर्मात्याचा, त्याच्या कार्यप्रणालीचा किंवा सालाचा कोणताही उल्लेख नाही. अक्षरे पाठवू शकणारे कोणतेही यंत्र ती पाठवू शकते.

९/२०
या भाषेला साजेसे स्वस्त आणि आटोपशीर यंत्रही १९८० च्या दशकात आले. मोठ्या सपाट टेबलाऐवजी कागदच पुढेमागे हलवायचा, ही जुनीच कल्पना एचपीने नव्या रीतीने वापरली. कागदाच्या कडा वाळूसारख्या खरखरीत चाकांत आणि त्यांवर दाबणाऱ्या रुळांत धरल्या जात. पहिल्या फेरीत चाकावरचे खडे कागदात अतिसूक्ष्म खळगे पाडत आणि नंतरच्या प्रत्येक फेरीत तेच खळगे त्याच खड्यांवर बसत. दातेरी चाकाप्रमाणे कागद नेमका जागेवर परत येई. या तत्त्वावर दोन पेनांचा ७४७० ए आणि सहा पेनांचा, ए३ आकारापर्यंतचा कागद घेणारा ७४७५ ए हे टेबलावर मावणारे प्लॉटर निघाले. ७४७५ ए चे पेन सेकंदाला ३८.१ सेंटिमीटर वेगाने धावू शकते. आज हौशी मंडळींच्या हाती विशेष करून हाच नमुना लागतो, म्हणून यापुढील विवेचन त्यालाच धरून करू.

१०/२०
डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅड ही आरेखनप्रणाली बाजारात आली आणि वैयक्तिक संगणकावर नकाशे काढणे लहान कार्यालयांच्याही आवाक्यात आले. पडद्यावरचा नकाशा कागदावर उतरवण्याचे खात्रीचे साधन म्हणजे पेन प्लॉटर. इतर कंपन्यांनीही एचपीजीएल समजणारे प्लॉटर बनवले, कारण ग्राहकाकडची प्रणाली ती भाषा आधीच बोलत होती. पंचवीस जोड्यांचा प्रश्न असा सुटला : सर्वांनी एकच भाषा शिकली. मात्र १९९० च्या दशकात शाई फवारणारे मोठ्या आकाराचे प्रिंटर आले. एचपीने स्वतःच १९९१ मध्ये डिझाइनजेट ही मालिका आणली. ज्या नकाशाला पेनाने तासभर लागे, तो काही मिनिटांत निघू लागला. पेन प्लॉटर कार्यालयांच्या माळ्यांवर आणि गोदामांत गेले. आपली गोष्ट आता तेथूनच पुढे सुरू होते.

११/२०
माळ्यावरून उतरवलेल्या प्लॉटरची पाठ आधी पाहावी. ७४७५ ए दोन प्रकारच्या जोडण्यांसह विकला जाई. एक एचपी-आयबी : ही एचपीची स्वतःची जोडणी, पुढे १९७५ मध्ये आयईईई ४८८ या नावाने मानक झालेली, मुख्यतः प्रयोगशाळांतील उपकरणांसाठी. दुसरी आरएस-२३२-सी : ही अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगसंघटनेने १९६९ मध्ये निश्चित केलेली अनुक्रमिक, म्हणजे सिरियल जोडणी. पहिल्या प्रकारासाठी विशेष परिवर्तक लागतो; दुसऱ्यासाठी बाजारात सहज मिळणारा यूएसबी-सिरियल परिवर्तक पुरतो. तेव्हा जुना प्लॉटर घेताना पाठीमागे २५ टाचण्यांचा सिरियल पोर्ट आहे ना, हे पाहणे श्रेयस्कर. त्याच वेळी विद्युतदाबाची निवडही तपासावी. अमेरिकेतून आलेले यंत्र १२० व्होल्टवर लावलेले असू शकते आणि आपल्याकडे भिंतीतील सॉकेटात २३० व्होल्ट असतात.

१२/२०
यूएसबीचे मानक १९९६ मध्ये आले आणि पुढच्या दशकात लॅपटॉपवरून सिरियल पोर्ट हळूहळू नाहीसा झाला. पोर्ट गेला तरी त्यामागचा करार मोडला नाही. परिवर्तकातील लहानशी चिप यूएसबीवरून आलेली अक्षरे जुन्या रीतीच्या विद्युतस्पंदांत बदलते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आरएस-२३२ मध्ये शून्य म्हणजे धन दाब आणि एक म्हणजे ऋण दाब. दोन्ही बाजूंना ३ ते १५ व्होल्टपर्यंतचा संकेत ग्राह्य. सूक्ष्मनियंत्रकांच्या प्रयोगांसाठी मिळणारे काही परिवर्तक मात्र ० ते ३.३ किंवा ० ते ५ व्होल्ट वापरतात आणि त्यांचा अर्थही उलटा असतो. त्यांची तार प्लॉटरला सरळ जोडली तर संवाद होत नाहीच, उलट परिवर्तक जळण्याचा संभव असतो. परिवर्तक पूर्ण आरएस-२३२ दाबाचाच हवा.

१३/२०
आता तारांकडे वळू. संगणक ज्या टाचणीवरून बोलतो, ती तार प्लॉटरच्या ऐकण्याच्या टाचणीवर गेली पाहिजे आणि प्लॉटरच्या बोलण्याची तार संगणकाच्या ऐकण्यावर. ७४७५ ए च्या २५ टाचण्यांच्या पोर्टात २ क्रमांकावरून प्लॉटर बोलतो, ३ क्रमांकावर ऐकतो आणि ७ क्रमांक ही सामाईक भूमी. संगणकाच्या बाजूच्या ९ टाचण्यांच्या पोर्टात २ वर ऐकणे, ३ वर बोलणे आणि ५ ही भूमी. म्हणून जोडणी अशी : २ ला २, ३ ला ३, ७ ला ५. एवढ्या तीन तारांवर संवाद सुरू होतो. पुष्कळ जण येथेच समाधानाने थांबतात आणि पुढील संकटाला निमंत्रण देतात. त्या संकटाकडे लवकरच येऊ.

१४/२०
तारांनंतर वेग. प्लॉटरच्या पाठीवर लहान स्विचांची एक रांग असते. सेकंदाला किती बिट पाठवायचे, चुकांच्या तपासणीचा बिट असावा की नसावा, कागद ए४ की ए३, या सर्व गोष्टी त्या स्विचांनी ठरतात. संगणकाच्या बाजूला अगदी तेच आकडे द्यावे लागतात. दोहोंत फरक पडला की अक्षरांचा गोंधळ होतो आणि प्लॉटरवरचा त्रुटीदर्शक दिवा लागतो. साधारणतः सेकंदाला ९६०० बिट हा वेग निवडतात. आता पहिली परीक्षा चित्राची घेऊ नये. ओआय, ही तीन चिन्हे पाठवावीत. या आज्ञेचा अर्थ, तू कोण ते सांग. सर्व काही नीट असेल, तर प्लॉटर संगणकाच्या पडद्यावर उत्तर धाडतो : ७४७५ए. दोन्ही दिशांच्या तारा, वेग आणि स्विच बरोबर असल्याचा याहून सोपा पुरावा नाही.

१५/२०
ओळख पटली, चौरसही झाला. मग मोठे चित्र पाठवले जाते आणि येथे पुष्कळांचा घात होतो. पहिल्या काही रेषा सुरेख येतात. नंतर पेन अचानक कागदभर वेड्यावाकड्या रेघा मारू लागते. साहजिकच संशय चित्राच्या फाइलवर जातो, प्रणालीवर जातो, यंत्राच्या वयावर जातो. खरे कारण अंकगणितात आहे. ७४७५ ए च्या स्मृतीत आलेल्या आज्ञा साठवण्यासाठी १०२४ अक्षरांची जागा आहे. सेकंदाला ९६०० बिट आणि एका अक्षराला दहा बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे येतात. प्लॉटरने काही वापरलेच नाही, तर ती जागा सव्वा सेकंदाच्या आत भरते. ७७ अक्षरांचा चौरस तेथे आरामात मावतो, म्हणून चौरस बिनचूक येतो आणि हजारो रेषांचे चित्र मात्र बिघडते.

१६/२०
पेन त्या वेगाने रेषा काढू शकणार नाही का? पाहू. वीस सेंटिमीटरची एक रेषा पूर्ण वेगातही अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ घेते. तिची आज्ञा, समजा पीए१००००,७०००. अशी तेरा अक्षरांची, सेकंदाच्या सुमारे सत्तराव्या भागात येऊन पोहोचते. म्हणजे सांगणारा करणाऱ्यापेक्षा जवळपास चाळीस पट वेगवान आहे. जागा भरली की पुढची अक्षरे गळून पडतात. एखाद्या संख्येतील दोन शून्ये गळाली तर १०००० चे १०० होते आणि पेन कागदाच्या दुसऱ्या टोकाला धावते. यंत्र मिळालेली आज्ञा प्रामाणिकपणे पाळत असते; आज्ञाच तुटून आलेली असते. हा १९८३ च्या संगणकापुढेही असलेला प्रश्न होता आणि त्याचे उत्तर पुस्तिकेत तेव्हाच दिलेले होते. त्याला हस्तांदोलन म्हणतात.

१७/२०
हस्तांदोलनाचे मुख्य मार्ग तीन. पहिला तारेचा : प्लॉटरची २० क्रमांकाची टाचणी जागा असेपर्यंत होकार देते आणि जागा संपत आली की होकार मागे घेते. ही तार संगणकाच्या बाजूला ८ क्रमांकाच्या, पाठवण्यास मुभा आहे असे सांगणाऱ्या टाचणीवर न्यावी आणि प्रणालीत तारेवरचे नियंत्रण चालू करावे. हीच ती चौथी, नेहमी विसरली जाणारी तार. दुसरा मार्ग चिन्हांचा : प्लॉटर थांब आणि चल अशी दोन ठरावीक चिन्हे पाठवतो. नव्या संगणकात मात्र थांबचा निरोप पोहोचेपर्यंत परिवर्तकात शिरलेली अक्षरे पुढे येतच राहतात. तिसरा मार्ग विचारपुशीचा : थोड्या आज्ञा पाठवायच्या, किती जागा उरली ते प्लॉटरला विचारायचे आणि तेवढेच पुढे द्यायचे. चौथी तार किंवा विचारपूस, या दोहोंपैकी एक असली की तासन्‌तासाची चित्रेही निर्विघ्न पार पडतात.

१८/२०
आता चित्र येते कोठून ते पाहू. इंकस्केप ही मुक्त आरेखनप्रणाली रेषांची चित्रे एसव्हीजी स्वरूपात तयार करते आणि तीच चित्रे एचपीजीएलमध्येही उतरवून देते. पायथनमध्ये लिहिलेली वीपाइप आणि चिप्लॉटल ही साधनेही त्याच कामाची. जुन्या एचपीजीएलला मुक्त वक्ररेषा ठाऊक नाहीत, म्हणून वक्राचे लहान लहान सरळ तुकडे केले जातात. रेषांचा क्रम लावून घेणे फार हिताचे, नाहीतर पेन उचललेल्या स्थितीत उगाच येरझारा घालत राहते. यानंतर देहाची निगा. जुन्या पेनांची शाई बहुधा सुकलेली असते; त्रिमिती मुद्रणाने बनवलेल्या कवचात आजचे साधे पेन बसवता येते. पेनांची टोके झाकणारी रबरी टोपणे चिकट होतात, कागद दाबणारे रूळ कडक किंवा चपटे पडतात. रबराचे आयुष्य भाषेइतके नसते.

१९/२०
एचपीजीएल केवळ माळ्यावरच्या यंत्रांत उरली आहे असे मात्र नाही. १९९० च्या लेझरजेट ३ या प्रिंटरमध्ये तिची सुधारित आवृत्ती अंतर्भूत होती आणि पुढेही ती कित्येक यंत्रांत राहिली. आपल्याकडे तर ती रस्त्यावर आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांत गाड्यांच्या काचांवरची नावे करून देणारे रेडियमचे दुकान असते. तेथे रंगीत चिकटपट्टीवर अक्षरे कापणाऱ्या यंत्राला दुकानदार प्लॉटर किंवा कटर म्हणतो. पेनाच्या जागी पाते, कागदाच्या जागी व्हिनाइल. कागद पुढेमागे आणि पाते आडवे, ही चाल मात्र तीच. यांतील पुष्कळ यंत्रे एचपीजीएल समजतात. गाडीवर देवाचे नाव कापताना पाते टेकते आणि उचलते, तेव्हा आतून अनेकदा हीच दोन अक्षरांची आज्ञा गेलेली असते : पीडी, पीयू.

२०/२०
आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्लॉटरच्या बरोबरीची आणि त्याच्यानंतरचीही असंख्य उपकरणे यंत्र म्हणून धडधाकट असताना निकामी झाली. त्यांची भाषा कोणालाच सांगितलेली नव्हती. ती फक्त कंपनीने दिलेल्या ड्रायव्हरला ठाऊक होती. कार्यप्रणाली बदलली, ड्रायव्हर मिळेनासा झाला आणि उपकरण मुके झाले. प्लॉटरची तार, त्याचे दाब, त्याच्या आज्ञा आणि त्याचे थांब म्हणणेसुद्धा छापून जाहीर केलेले होते. म्हणून त्याचा नवा ड्रायव्हर आज कोणीही, अगदी महाविद्यालयातला विद्यार्थीही, पुस्तिका समोर ठेवून लिहू शकतो. आज आपले नकाशे, जमिनींच्या नोंदी, रुग्णालयांतील यंत्रे आणि कारखाने ज्या उपकरणांवर चालतात, त्यांच्या खरेदीच्या वेळी किमतीइतकाच हाही प्रश्न विचारायला हवा : याची भाषा लिहून दिली आहे का? उपकरण चाळीस वर्षांनी उपयोगी पडेल की भंगारात जाईल, हे बऱ्याच अंशी त्या उत्तरावर अवलंबून असते. आपल्या परिसरात एखाद्या जुन्या कार्यालयात किंवा तंत्रनिकेतनाच्या भांडारात पेन प्लॉटर धूळ खात असेल, तर त्याला भंगारात देण्यापूर्वी त्याच्याजवळची पुस्तिका तेवढी आवर्जून शोधा.